खिडकीकडचा गुडघा

माणसाला निसर्गाने दोन गुडघे दिले, आणि शस्त्रक्रियेतल्या निम्म्या अडचणींचं मूळ या उधळपट्टीत आहे. हृदयाच्या डॉक्टरला हा ताप नाही, नाकाच्या डॉक्टरलाही नाही. एकुलत्या एका अवयवाच्या बाबतीत डॉक्टरचं काहीही चुकू शकतं, पण निदान पत्ता चुकत नाही. गुडघ्याच्या बाबतीत मात्र दर वेळी 'यातला कुठला?' हा प्रश्न शिल्लक राहतो, आणि प्रश्न शिल्लक राहिला की उत्तर चुकण्याची सोय आपोआप होते.

हे सगळ्यात आधी ओळखलं ते शहरातल्या मोठ्या इस्पितळाने. तिथे पूर्वी डावा-उजवा यावरून घोटाळे होत. डॉक्टर रुग्णासमोर उभा राहतो, त्यामुळे रुग्णाचा डावा पाय डॉक्टरच्या उजव्या हाताला येतो. नर्स कडेला असते, भूल देणारा डोक्याशी. माणूस एक, पाय दोन, मतं चार. यावर समिती नेमण्यात आली. समितीने पुष्कळ अभ्यास केला, समुद्राकाठच्या एका हॉटेलात राहून मसुदा केला (हॉटेलच्या खोल्यांना दोन्ही बाजूंनी समुद्र दिसत होता), आणि निष्कर्ष काढला की दोष डॉक्टरांचा नसून 'डावा' आणि 'उजवा' या शब्दांचा आहे. सबब हे दोन्ही शब्द इस्पितळाच्या हद्दीत बंद करण्यात आले. त्यांच्या जागी 'खिडकीकडचा' आणि 'दाराकडचा' हे शब्द आले. वॉर्डात सगळ्या खाटांची डोकी एकाच भिंतीला असतात. एका टोकाला खिडकी, दुसऱ्या टोकाला दार. कुणी कुठेही उभं राहो, खिडकी काही आपली जागा सोडत नाही.

परिणाम थक्क करणारा होता. डाव्या-उजव्याच्या चुका आधी शंभरात तीन होत, त्या पुढच्याच वर्षी शून्यावर आल्या, कारण ते शब्द लिहायलाच मनाई होती. या कामगिरीबद्दल मिळालेली ढाल स्वागतकक्षात माशांच्या टाकीशेजारी ठेवली आहे. अशा प्रगत इस्पितळात उपचार मिळणं हे लोणीचं भाग्यच म्हणायचं.

लोणी हा शहर बससेवेतला ड्रायव्हर. डेपोत त्याला हे नाव पडलं ते त्याच्या ब्रेकमुळे. त्याची बस थांबली की नाही हे कळायला खिडकीतून बाहेर बघावं लागे. म्हाताऱ्या बायका आधीच्या दोन बस सोडून त्याच्या बसची वाट बघत, आणि डेपोतले इतर ड्रायव्हर त्याला त्यावरून चिडवत. आजवरची उभी नोकरी त्याने ड्रायव्हरच्या सीटवर काढली होती आणि उरलेलीही तिथेच काढायची, एवढीच त्याची महत्त्वाकांक्षा होती. पण शहरात सिग्नल फार, आणि प्रत्येक सिग्नलला क्लच दाबायचा तर डावा गुडघा किती दिवस ऐकून घेणार? तो कुरकुरू लागला, मग सुजला, मग जिना चढू देईना. शेवटी बायकोने त्याला जवळजवळ ओढतच इस्पितळात नेलं.

तपासणीला एक तरुण डॉक्टर होता.

"कुठला पाय दुखतो?" त्याने विचारलं.

"क्लचचा," लोणी म्हणाला. याहून अचूक उत्तर कुठल्याही ड्रायव्हरला देता येणार नाही.

तरुण डॉक्टरची स्वतःची गाडी बिनक्लचची होती. त्याने थोडा विचार केला आणि 'पाय, व्यवसायाशी संबंधित' असं लिहिलं. वॉर्डातली नर्स जास्त अनुभवी होती. तिने लोणीला खाटेवर आडवं केलं, सुजलेला गुडघा पाहिला, खिडकी पाहिली, आणि 'खिडकीकडचा' अशी नोंद केली. ती नोंद अगदी बरोबर होती. इथपर्यंत कुणाकडे बोट दाखवायला जागा नाही.

ऑपरेशन थिएटरला खिडकी नव्हती. (जंतूंना आत यायला खिडकी आवडते, असं शास्त्राचं म्हणणं आहे.) पण तिथली माणसं कसलेली होती. दार तर होतं. मग दाराकडचा जो नाही तो खिडकीकडचा, हे त्यांनी कधीच ठरवून टाकलं होतं. आता थिएटरमधलं टेबल विजेच्या प्लगच्या सोयीने उलट्या दिशेला लावलेलं होतं, त्यामुळे लोणीचा दुखरा पाय दाराकडे आला आणि धडधाकट पाय भिंतीकडे गेला, ही गोष्ट वेगळी. ती लक्षात ठेवणं कुणाच्याच कामात नेमून दिलेलं नव्हतं.

लोणीला कमरेखाली भूल दिली होती. तो टक्क जागा होता आणि छातीवर हिरवा पडदा लावलेला होता. शस्त्रक्रियेआधी सगळ्यांनी क्षणभर थांबून बाजूची खात्री करायची, असा इथला कडक नियम आहे. तो पाळला गेला.

"बाजू?" मोठ्या डॉक्टरांनी विचारलं.

"खिडकीकडची," नर्स म्हणाली.

"सगळ्यांना मान्य?"

सगळे "मान्य" म्हणाले. पडद्याअलीकडून लोणीही "मान्य" म्हणाला. एवढी मोठी माणसं आपल्या एका गुडघ्यासाठी इतकी काळजी घेताहेत, हे बघून त्याला भरून आलं होतं. (त्याचा हा होकार पुढे इस्पितळाच्या जबाबात 'रुग्णाची जागृत व स्वेच्छेने दिलेली संमती' म्हणून आला.)

मोठ्या डॉक्टरांनी गुडघा उघडला आणि ते थबकले. "वा," ते म्हणाले. "इतका सुरेख गुडघा मी आजवर काढला नव्हता." पडद्याअलीकडे लोणीची मान ताठ झाली. मग तो सुरेख गुडघा काढण्यात आला, त्या जागी धातूचा बसवण्यात आला, आणि टाके इतके देखणे पडले की शिकाऊ डॉक्टरांना बोलावून दाखवण्यात आले.

दुपारी बायकोने पांघरूण वर करून पाहिलं.

"अहो," ती म्हणाली, "हा ब्रेकचा."

लोणीने पाहिलं. बराच वेळ पाहिलं. ब्रेकचाच होता. पण माणूस श्रद्धाळू, तो तिला म्हणाला, "शास्त्र पुढे गेलंय आता. यातून शिरून त्यात करत असतील."

"आणि तो सुजलेला तसाच का मग?"

संध्याकाळी मोठे डॉक्टर फेरीला आले तेव्हा बायकोने त्यांनाही तेच विचारलं. मोठ्या डॉक्टरांनी पायाकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावर एक आठी आली आणि अनुभवाच्या जोरावर लगेच गेली.

"हे बघा ताई," ते म्हणाले, "आज ना उद्या तोही झिजलाच असता. आपण त्याला वेळेआधी गाठलं."

घरी आल्यावर लोणीने दुसरं इस्पितळ गाठलं. भांडायची त्याला हौस नव्हती. क्लचचा गुडघा नीट व्हावा आणि आपण आपल्या सीटवर जाऊन बसावं, एवढंच त्याला हवं होतं. तिथले डॉक्टर भले होते. त्यांनी गुडघा दाबून पाहिला, फोटो पाहिला, कागद पाहिले, आणि हळहळले.

"जुना आहे, झिजलाय, दिसतंय मला," ते म्हणाले. "पण कागदावर सुजलेला गुडघा खिडकीकडचा आहे, आणि खिडकीकडचा बदललेला आहे. नव्याकोऱ्या गुडघ्याला मी हात कसा लावू? उद्या माझ्यावर शेकेल. त्यांच्याकडून फक्त एक ओळ लिहून आणा, की चुकून दुसरा झाला. दुसऱ्याच दिवशी करून टाकतो."

एक ओळ आणायची होती. लोणीला वाटलं, एका ओळीचं काय एवढं.

इस्पितळात तक्रारींसाठी 'समाधान कक्ष' आहे. तिथे मंद संगीत, मऊ खुर्च्या आणि एक गोड समाधान अधिकारी आहे. तिच्या अहवालानुसार गेल्या वर्षी या कक्षात आलेल्यांपैकी नव्वद टक्के लोक समाधानी होऊन परत गेले (उरलेल्या दहा टक्क्यांना चालता येत नसल्याने न्यावं लागलं).

"काका, 'चूक' हा शब्द आम्ही वापरत नाही," ती म्हणाली. "आम्ही 'अनपेक्षित बाजू' म्हणतो."

"बरं, तसं लिहून द्या."

"कसं देणार? तुमच्या कागदावर खिडकीकडचा आहे, थिएटरच्या कागदावरही खिडकीकडचाच झालाय. तंतोतंत जुळतंय. इतकं जुळलेलं मी कधी पाहिलं नाही, काका."

"पण थिएटरला खिडकीच नाही," बायको म्हणाली.

समाधान अधिकारी हसली आणि तिने दोघांसाठी सरबत मागवलं. सरबत फार छान होतं. पण ओळ काही मिळाली नाही, आणि परतताना रिक्षात बायको रडली. लोणीलाही रडू येत होतं, पण रिक्षावाला सारखे ब्रेक मारत होता आणि त्याचं लक्ष तिकडे जात होतं.

मग मेहुण्याने वकील गाठून दिला. कायद्याने बाधित रुग्णाला वाऱ्यावर सोडलेलं नाही, हे लोणीला त्याच्याकडून कळलं. पहिला मार्ग इस्पितळाच्याच चौकशी समितीचा. (तिचे अध्यक्ष मोठे डॉक्टर. खुद्द त्यांच्यावर तक्रार असली की ते निःपक्षपातीपणे ती खुर्ची सोडून शेजारच्या खुर्चीत बसतात.) दुसरा मार्ग वैद्यक परिषदेचा, तिथे डॉक्टरच डॉक्टरांना तपासतात आणि प्रकृती उत्तम असल्याचं कळवतात. तिसरा पोलिसांचा, पण डॉक्टर चुकला असं आधी डॉक्टरने लिहून दिल्याशिवाय पोलीस डॉक्टरला विचारत नाहीत. चौथा दिवाणी कोर्टाचा, तो धरायचा तर सोबत मुलाबाळांना घेऊन निघावं, म्हणजे पुढे ते चालवतील. आणि पाचवा ग्राहक आयोगाचा.

"पाचही मार्ग खुले आहेत," वकील म्हणाला. "पुरावा काय आहे आपल्याकडे? काढलेला गुडघा?"

काढलेला गुडघा आरोग्याच्या नियमानुसार त्याच दिवशी जाळण्यात आला होता. या एका नियमाच्या बाबतीत इस्पितळाने कधीही दिरंगाई केलेली नाही.

"मग तज्ज्ञाचं मत लागेल," वकील म्हणाला. "दुसऱ्या एखाद्या हाडांच्या डॉक्टरचं."

हाडांचे डॉक्टर शहरात पुष्कळ होते. पहिल्याने तोंडी "शुद्ध गाढवपणा आहे हा" असं सांगितलं आणि लेखी 'दोन्ही गुडघे पाहिले. दोन्ही आपापल्या जागी आहेत' असं दिलं. दुसरा मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली शिकलेला निघाला; त्याने टाक्यांचं कौतुक केलं आणि फोटो काढून घेतला. तिसरे निवृत्त होते, निर्भीड होते, त्यांना कुणाची भीडभाड नव्हती. त्यांनी पानभर खरं खरं लिहून दिलं. पण अक्षर असं की लोणीच्या वकिलाला त्यात 'घोर निष्काळजी' दिसे आणि इस्पितळाच्या वकिलाला 'घोर परिश्रम'. निवृत्त डॉक्टरांना बोलावून वाचायला सांगितलं, तर त्यांनाही लागेना.

तरीही वकिलाने आयोगात तक्रार दाखल केली. तारखा पडू लागल्या. दर तारखेला मोठे डॉक्टर शस्त्रक्रियेत गुंतलेले असत (कुठल्या बाजूच्या, हे विचारायची आयोगाला परवानगी नव्हती). तोवर डेपोने लोणीला हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत बसवलं. तिथे भिंतीला छत्र्या, कपाटात डबे, आणि एका खोक्यात एकेकटे हातमोजे. लोक छत्री मागायला येत आणि दुसऱ्याचीच चांगली बघून घेऊन जात. लोणी टेबलाखाली पाय ठेवून बसे आणि नकळत दाबत राही, क्लच, ब्रेक, क्लच. बाहेर गाड्या निघाल्या की त्याला फार वाईट वाटे. आवाजावरून कुठली गाडी आणि कोण चालवतंय हे त्याला कळे, आणि गिअर खरखरला की तो स्वतःशीच "अरे, हळू" म्हणे.

शेवटी एका तारखेला लोणीच्या बायकोने उभं राहून आयोगापुढे तेच सांगितलं जे ती पहिल्या दिवसापासून सांगत होती.

"साहेब, थिएटरला खिडकीच नाही. मग खिडकीकडचा पाय ठरवला कसा?"

आयोगाचे अध्यक्ष सरळ गृहस्थ होते. मुद्दा त्यांना पटला. ते म्हणाले, आम्ही स्वतः येऊन थिएटर पाहू. लोणीच्या वकिलाने टेबलाखाली त्याचा हात दाबला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच काहीतरी मनासारखं घडत होतं. पाहणीची तारीख ठरली आणि नियमाप्रमाणे ती इस्पितळाला पुरेशी आधी कळवण्यात आली.

पाहणीच्या दिवशी सगळे थिएटरमध्ये जमले. लोणीला त्याच टेबलावर, त्याच पद्धतीने आडवं करण्यात आलं. एका बाजूला दार होतं. दुसऱ्या बाजूला खिडकी होती.

चांगली मोठी खिडकी होती. निळी चौकट, जाळी, खाली कुंडी ठेवायला फळी. ती लिफ्टच्या बोळात उघडत असल्याने मधूनमधून तिच्यातून लिफ्ट वर जाताना दिसे, आणि आतली माणसं कुतूहलाने बघत.

"ही नव्हती," लोणी टेबलावरून म्हणाला.

"रुग्ण त्या दिवशी पडद्याआड होता," इस्पितळाचा वकील म्हणाला. "त्याला खिडकी दिसली नसणं स्वाभाविक आहे."

"साहेब, सिमेंट ओलं आहे," बायको म्हणाली. "हात लावून बघा."

अध्यक्षांनी हात लावला. बोट रुमालाला पुसलं. मग त्यांनी टिपणात लिहून घेतलं की इमारतीची देखभाल नियमित होत असल्याचं दिसतं. त्यानंतर ते टेबलाशी वाकले, खिडकीकडचा गुडघा कुठला ते निरखून पाहिलं, त्याच्यावरचे टाके पाहिले, आणि मान हलवली.

निकाल आठ पानी होता आणि भाषा उत्तम होती. 'शस्त्रक्रिया नियोजित म्हणजे खिडकीकडील गुडघ्यावरच झाली असल्याचे प्रत्यक्ष पाहणीत निष्पन्न होते. तक्रारदाराचा क्लचचा गुडघा हा वॉर्डातील नोंदीनुसार खिडकीकडील असल्याने तो बदलण्यात आला आहे. ब्रेकच्या गुडघ्यास कोणीही स्पर्श केल्याचे सिद्ध होत नाही. तक्रारदार व त्यांच्या पत्नीने पाहणीस दिलेल्या सहकार्याबद्दल आयोग आभारी आहे.' सर्व थिएटरांना अशाच खिडक्या बसवाव्यात, अशी शिफारसही शेवटी होती.

"अपील करता येईल," वकील म्हणाला.

"अपिलात काय होईल?" लोणीने विचारलं.

वकील प्रामाणिक होता. "सिमेंट वाळलेलं असेल," तो म्हणाला.

निकालाची प्रत डेपोत गेली. डेपो मॅनेजर नियमाचा माणूस. त्याने ती लक्षपूर्वक वाचली आणि लोणीला बोलावून घेतलं.

"अरे, मग तू इथे छत्र्या काय सांभाळत बसलायस? क्लचचा गुडघा नवा, आयोगाचा शिक्का आहे. ब्रेकच्या गुडघ्याला कुणी हात लावलेला नाही, तेही आयोगच म्हणतोय. तू फिट आहेस."

"साहेब, क्लचचा दुखतो अजून. आणि ब्रेकचा वाकत नाही पुरता."

"नवा कसा दुखेल? आणि ज्याला काही झालंच नाही तो कसा वाकणार नाही?"

नाही म्हणायला हवं, हे लोणीला कळत होतं. पण मॅनेजरच्या मागे खिडकीतून गाडी दिसत होती, दार उघडं होतं, सीट रिकामी होती. त्याने गाडी घेतली. त्या दिवशी तो इतका आनंदात होता की घरी येऊन जेवणाकडेही त्याचं लक्ष नव्हतं.

"नाही म्हणायचं होतंत," बायको म्हणाली.

"म्हणणार होतो," तो म्हणाला. "म्हणवलं नाही."

तो जपून चालवी. पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेवी, सिग्नल लांबून बघे, कधी ताशी वीसच्या वर जात नसे. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. फक्त धातूचा गुडघा ब्रेकवर पोचायला किंचित उशीर करी, आणि बस स्टॉपच्या जरा पुढे जाऊन थांबे.

आता तुमच्याविषयी. एवढं सगळं वाचताना तुम्ही लोणीच्या बाजूने होतात, हे दिसत होतं. त्या खिडकीपाशी तर तुम्हाला रागही आला. पण सकाळी तुम्हाला घाई होती. बस स्टॉपच्या पुढे जाऊन उभी राहिली आणि तुम्हाला चार पावलं पळावं लागलं. आत चढल्यावर पुढच्या स्टॉपला धक्काही बसला. तेव्हा तुम्ही फोन काढलात, गाडीचा नंबर टाकलात आणि बससेवेला लिहिलंत, की ड्रायव्हरला ब्रेक लावता येत नाही, असल्या माणसांना गाडीवर ठेवतात तरी कसे.

तुमच्याकडे कुणी तज्ज्ञाचं मत मागितलं नाही. पाहणी झाली नाही, तारीख पडली नाही. त्याच दिवशी संध्याकाळी लोणीला गाडीवरून खाली उतरवलं, ते कायमचं. रात्री तुमच्या फोनवर 'आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे' असा निरोप आला. खाली विचारलं होतं, आमच्या सेवेला किती तारे द्याल.

तुम्ही पाच दिलेत.